आधी केव्हा, मग कुठे

सकाळी सात वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दिवे मंद होतात, पंखा रेंगाळतो. त्याच क्षणी बरोबर वरच्या घरात दिवे डोळे दिपतील इतके उजळतात. वीस मिनिटांनी दोन्ही घरं पूर्ववत. दुपारी वायरमन येतो, टेस्टर लावतो, मीटर लावतो. सगळीकडे २३० व्होल्ट, सगळं ठणठणीत. तो गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा तोच प्रकार.

ही इमारत काल्पनिक आहे, पण ठाण्यात खोपटला राहणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. एसटी आगाराच्या आसपास, हंसनगरात, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला जुन्या तीन-चार मजली सोसायट्या आणि नवे टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. जुन्या सोसायट्यांची वायरिंग झाली तेव्हा घरात चार दिवे, दोन-तीन पंखे आणि फार तर एक फ्रिज असायचा. आज त्याच भिंतींतून गीझर, एसी, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीनची वीज वाहते. वर ठाण्याचा पाऊस, वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर. तेव्हा इथे ‘मध्येच येतो, मध्येच जातो’ अशा बिघाडांना काय तोटा?

असा बिघाड लहरी असतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण तांब्याला लहर कुठून येणार? स्क्रूला मूड असतो का? या सगळ्या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच: येऊन-जाऊन असणारा दोष कमालीचा शिस्तीचा असतो. ठरावीक अट पुरी झाली की तो हजर होतो, अट संपली की निघून जातो. भिंतीत कुठेतरी कुणीही न बसवलेला एक स्विच आपोआप तयार झालेला असतो आणि तो उष्णतेने, ओलाव्याने, हादऱ्याने किंवा लोडने चालू-बंद होतो. म्हणून कसलेला वायरमन आधी ‘कुठे’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘केव्हा?’

हा न बसवलेला स्विच तयार होतो तरी कसा?

टर्मिनलमध्ये तार घातली, स्क्रू आवळला, की धातूला धातू घट्ट भिडला असं आपल्याला वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली चित्र पार वेगळं असतं. गुळगुळीत दिसणाऱ्या तांब्यावर असंख्य उंचवटे आणि खळगे असतात आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते फक्त काही उंचवट्यांच्या टोकांवर. बाकी सगळीकडे मध्ये हवा! रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत काम करताना हा विषय मुळापासून अभ्यासला आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने दाखवलं ते असं, की खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी नगण्य भागात होत असतो. तुमचा दीड टनाचा एसी ज्या वाटेने वीज ओढतो, त्या वाटेवर प्रत्येक जोडापाशी सगळा प्रवाह अशा मूठभर सूक्ष्म ठिपक्यांतून जात असतो. आपली घरं इतकी वर्षं बिनबोभाट चालतात, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

आता त्या ठिपक्यांवर दिवस काय काय आणतो ते पाहा. गीझर लावला, जोड तापला, धातू फुगला. गीझर बंद केला, धातू आकसला. एक अंश तापमान वाढलं की मीटरभर लांबीचं तांबं सुमारे १७ मायक्रोमीटर वाढतं, पोलाद १२, ॲल्युमिनियम २३. एकाच जोडात पोलादी स्क्रू, पितळी टर्मिनल आणि ॲल्युमिनियमची तार एकत्र आली, तर प्रत्येकाची वाढ निराळी. रोज सकाळ-संध्याकाळ हा खेळ वर्षानुवर्षं चालला की स्क्रू सैल पडतो. एके काळी तांबं महाग आणि बरंचसं आयातीचं होतं, म्हणून आपल्याकडे अनेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, पातळ होतं, शिवाय हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. हा थर वीज वाहू देत नाही.

समजा, अशा सैल जोडाचा रोध जेमतेम अर्धा ओहम झाला. अर्धा ओहम म्हणजे किती? साध्या मीटरवर पटकन जाणवायचंही नाही इतका. पण त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला की तिथे ५० वॅट उष्णता निर्माण होते, तीही टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथिल वितळतं. इथे त्याच्या दुप्पट ताकद भिंतीच्या आत, बोर्डाच्या प्लॅस्टिकला चिकटून बसलेली असते. आणि जादा प्रवाह आला की वीज तोडणारा एमसीबी? तो शांतपणे चालू राहतो. त्याच्या दृष्टीने १० अँपिअर म्हणजे १० अँपिअर, तो १६ वर बेतलेला, तक्रारीला जागाच नाही. तांब्याच्या ऑक्साइडचा तर आणखी चमत्कार: धातू तापला की त्याचा रोध वाढतो, पण हा ऑक्साइड तापला की त्याचा रोध उतरतो. त्यामुळे थरातली एखादी बारीक रेघ आधी तापते, मग तीच वाट सोपी होते, मग सगळा प्रवाह तिथेच लोटतो आणि ती रेघ लालभडक होऊन तशीच राहते. फ्यूज उडत नाही, धूरही लगेच निघत नाही.

दुपारी वायरमन आला तेव्हा मीटरने २३० का दाखवले, ते आता कळतं. व्होल्टमीटर तारेतून जवळजवळ प्रवाह घेतच नाही. प्रवाह नाही, तर अर्ध्या ओहमपाशी दाब पडणार कुठून? मीटर खोटं बोलला नाही. त्या घडीला त्या जोडापाशी खरोखरच दाब पडत नव्हता, कारण गीझर बंद होता. म्हणून नियम असा, की अशा दोषाची तपासणी लोडवर करायची. दोष यायची वेळ साधायची, किंवा गीझर आणि इस्त्री एकदम लावून ती वेळ ओढून आणायची.

पण एक घर मंद आणि वरचं घर लख्ख, हे कोडं अजून उरलंच. सैल जोडाने दिवा मंद होईल. जास्त उजळेल कसा? जादा व्होल्ट आले कुठून?

यासाठी मीटर खोलीत उतरावं लागतं. इमारतीला रस्त्यावरच्या फीडर पिलरकडून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. घरं तीन फेजांवर वाटलेली असतात. न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. एका कड्याला तीन बाजूंनी तीन दोर बांधले आहेत आणि तीन संघ रस्सीखेच करताहेत, अशी कल्पना करा. कडं मधोमध एका खुंटीत अडकवलेलं आहे. तोवर कोण किती जोर लावतो याने फरक पडत नाही, तिन्ही दोरांची लांबी सारखीच राहते. आता खुंटी उपटा. कडं लगेच सर्वांत जोरकस संघाकडे सरकेल. त्याचा दोर आखूड होईल आणि दुबळ्यांचे दोर लांबतील. दोराची लांबी म्हणजे व्होल्ट, संघाचा जोर म्हणजे घरातलं लोड आणि ती खुंटी म्हणजे न्यूट्रलचा जोड.

आकडे मांडून पाहिले की अंगावर काटा येतो. न्यूट्रल पूर्ण तुटला आणि त्या वेळी दोन फेजांवर दोनच घरं वीज वापरत असली, तर ती दोन्ही घरं आपोआप एकामागे एक जोडली जातात आणि दोन फेजांमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एकाकडे २,००० वॅटचा गीझर, दुसऱ्याकडे टीव्ही आणि दिवे मिळून २०० वॅट. गीझरवाल्याच्या वाट्याला येतात सुमारे ३६ व्होल्ट. आणि टीव्हीवाल्याच्या? ३६४! ज्याने काहीच जास्त वापरलं नाही, त्याचीच उपकरणं जळतात. आपल्या इमारतीत न्यूट्रल तुटलेला नाही, फक्त सैल आहे, म्हणून कडं थोडंसंच सरकतं. सकाळी सातला सरकतं, कारण तेव्हा नळाला पाणी असतं आणि गीझर एकदम लागतात. इमारतीचं वेळापत्रक तेच दोषाचं वेळापत्रक.

न्यूट्रलमध्ये फ्यूज बसवायचा नाही हा नियम किती शहाणा आहे, हेही इथेच उमगतं. जुन्या बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना किटकॅट फ्यूज दिसतात. त्यातला न्यूट्रलचा गेला की घर काळोखात बुडतं, पण प्लगमध्ये फेज जिवंतच असतो. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो: एक दिवा मंद आणि त्याच वेळी दुसरा भडक असं दिसलं, किंवा न्यूट्रलच्या भोकात टेस्टर पेटला, तर वाट पाहू नका. मेन स्विच खाली करा, शेजाऱ्यांना सांगा, महावितरणला आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

पावसाळ्यात मात्र निराळाच स्विच कामाला लागतो.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस पडून तीन-चार दिवस झाले की घराघरांतले आरसीसीबी पडू लागतात. हे छोटंसं यंत्र काय करतं? फेजमधून जितकी वीज आत गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच पाहतं. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असला तर कड्यातली चुंबकीय शक्ती शून्य. जरासा फरक पडला, म्हणजे थोडी वीज ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेली, की कड्यात चुंबकत्व जागं होतं आणि खटका पडतो. हा फरक असतो ३० मिलिअँपिअर. दोन किलोवॅटच्या गीझरला लागणाऱ्या प्रवाहाच्या जवळजवळ तीनशेव्या भागावर पाळत ठेवणारं हे यंत्र तळहातात मावतं आणि जीव वाचवतं.

मग ते ‘उगाच’ का पडतं? ३० चं यंत्र १५ च्या पुढे कधीही पडू शकतं, मानकात तशी मुभा आहे. आणि घरातलं प्रत्येक आधुनिक उपकरण थोडी-थोडी वीज अर्थिंगकडे सोडतच असतं: संगणक, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर, कुणी अर्धा मिलिअँपिअर, कुणी दोन. सगळे मिळून दहाएक होतात. कोरड्या दिवसांत ते चालून जातं. पावसात गच्चीवरून झिरपलेलं पाणी तारांच्या नळीत, म्हणजे कन्ड्युटमध्ये, उतरतं, भिंतीतला जंक्शन बॉक्स ओलावतो आणि त्याचे सहा-सात मिलिअँपिअर वर चढतात. आता मिक्सर लावला की खटका पडतो आणि दोष बिचाऱ्या मिक्सरवर येतो! तो दुरुस्तीला जातो, निर्दोष परत येतो, आणि खटका पडतच राहतो. इथे एकटा गुन्हेगार कुणीच नसतो, गुन्हा असतो बेरजेचा. म्हणून वायरमन एकेक सर्किट सोडवून त्यावर मेगर लावतो. ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेच्या आवरणाचा रोध मेगोहममध्ये मोजतो. चांगली वायरिंग कितीतरी मेगोहम दाखवते, ओली वायरिंग एकाच्याही खाली घसरते. सप्टेंबरच्या उन्हात भिंत वाळली की तोच आकडा पुन्हा वर, म्हणून ही तपासणी पावसातच करायची.

याच काळात बोर्डांत मुंग्या शिरतात. अमेरिकेतल्या आग्या मुंग्यांच्या अभ्यासात एक चकित करणारी गोष्ट दिसली: कॉन्टॅक्टमध्ये सापडून शॉक बसलेली मुंगी रसायनं सोडते आणि त्या वासाने आणखी मुंग्या तिथेच धावतात. त्यांच्या कलेवरांचा थर साचतो आणि कॉन्टॅक्ट टेकेनासे होतात. स्विचच्या आतला दोष स्वतःच स्वतःला वाढवतो!

काही दोष तर नसतातच, पण दिसतात. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा अधूनमधून लुकलुकतो, हे तुम्ही पाहिलं असेल. भुताटकी? बंद केलेली तार चालू तारेला खेटून दहा-बारा मीटर धावत असते. दोन तारा आणि मधलं प्लॅस्टिक मिळून एक लहानसा कपॅसिटर होतो आणि स्पर्श नसतानाही त्यातून काही दशलक्षांश अँपिअर पलीकडे जातात. जुन्या पिवळ्या बल्बला हे कळलंही नसतं. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र ही चिल्लर साठत जाते, पुरेशी साठली की क्षणभर उजेड पडतो, आणि पुन्हा साठवण सुरू. याच कारणाने तुटलेल्या तारेवर डिजिटल मीटर साठ-ऐंशी व्होल्ट दाखवतो आणि नवशिक्या दिवसभर भूत शोधत बसतो. अनुभवी माणूस तिथे साधा होल्डरमधला बल्ब जोडतो, म्हणजे टेस्ट लॅम्प. खरी वीज असली तर तो पेटतो, भुताची असली तर आकडा लगेच शून्यावर येतो.

आता ऐकून शोधायची तऱ्हा. होय, ऐकून! १८८९ मध्ये जर्मनीच्या फ्रीड्रिख पाशेनने मांडलेल्या नियमानुसार, कोरड्या हवेतली फट लहान केली तरी सुमारे ३३० व्होल्टच्या खाली तिच्यात सहसा ठिणगी पडत नाही. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर किती? ३२५. किती थोडक्यात! म्हणून स्थिर, स्वच्छ फटीत घरगुती वीज उडी मारत नाही. पण टेकलेले दोन धातू दूर होऊ लागले किंवा प्लॅस्टिक जळून कार्बन धरला, की ही मर्यादा लागू राहत नाही आणि आर्क पेटतो. वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, म्हणून हा आर्क सेकंदाला शंभर वेळा विझतो आणि शंभर वेळा पुन्हा पेटतो. दर वेळी प्रवाहात एक तीक्ष्ण धक्का बसतो आणि त्यातून रेडिओ लहरी निघतात. १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झने मुद्दाम पाडलेल्या ठिणग्यांनीच तर रेडिओ लहरी प्रथम सिद्ध केल्या होत्या. कुरकुरणारा सैल जोड म्हणजे भिंतीतलं एक रेडिओ केंद्रच. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, कुठलंच केंद्र लागत नाही अशा जागी ठेवा आणि भिंतीलगत फिरवा. एका बोर्डापाशी खरखर वाढते आणि गीझर बंद करताच थांबते. विजेच्या मीटरला दुपारभर न सापडलेली जागा खिशातल्या रेडिओने सांगितली!

डोळ्यांसाठी आता थर्मल कॅमेरा आहे. १८०० साली विल्यम हर्शलने लोलकातून पाडलेल्या रंगपट्ट्यात, लाल रंगाच्या पलीकडच्या काळोखात थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. डोळ्यांना न दिसणारा त्याच जातीचा उजेड हा कॅमेरा टिपतो आणि एका अंशाच्या दहाव्या हिश्शाचा फरकही दाखवतो. मीटर खोलीतल्या चाळीस सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंमधला एकच पांढराशुभ्र चमकतो. पण हेही लोडवरच. भर दुपारी, गीझर बंद असताना काढलेला थर्मल फोटो म्हणजे चाळीस थंड स्क्रूंचा फोटो.

कधी दोष इमारतीच्याही बाहेर, रस्त्याखालच्या केबलमध्ये असतो. तिथे केबलमध्ये विजेचा एक टोला पाठवतात आणि प्रतिध्वनीची वाट पाहतात. तांब्यातले इलेक्ट्रॉन घरगुती विजेत जागच्या जागी जेमतेम मायक्रोमीटरभर मागेपुढे हलतात, पण हा टोला सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरने धावतो. शंभर मीटरवरच्या दोषाला धडकून तो एका मायक्रोसेकंदात परत येतो, त्यावरून अंतर कळतं. पण दोष येऊन-जाऊन असला तर? कोरड्या वेळी टोला त्याच्यावरून सरळ निघून जातो, जणू काही तिथे काही नाहीच. म्हणून आधी काही हजार व्होल्टचा धक्का देऊन आतला आर्क पेटवतात आणि तो पेटलेला असताना, मिलिसेकंदांच्या त्या अवधीत दुसरा टोला पाठवतात. आर्क म्हणजे क्षणभराचा शॉर्ट. त्यावरून टोला परत फिरतो. दोष झोपलेला असतानाचा आणि जागा असतानाचा असे दोन आलेख एकावर एक ठेवले की जिथे ते वेगळे होतात, तिथे खणायचं. पुन्हा तेच: आधी केव्हा, मग कुठे.

एवढी यंत्रं असली तरी माझं मत विचाराल तर सोसायटीने पहिल्यांदा घ्यावी ती एक वही. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी आणि प्रत्येकाने लिहावं: किती वाजता, कोणत्या खोलीत, दिवा मंद की भडक, पाऊस होता का, पाण्याचा पंप चालू होता का, लिफ्ट हलली का. आठवडाभरात पानं बोलू लागतात. पंप सुरू होताना त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट वीज क्षणभर ओढतो, तेव्हा पंपाच्या वेळेशी जुळणाऱ्या नोंदी सरळ मेन केबलच्या जोडाकडे बोट दाखवतात. एकाच घराच्या नोंदी असल्या तर घरातला बोर्ड. एकाच फेजवरची सगळी घरं असली तर मीटर खोलीतला त्या फेजचा कटआउट. आणि काही घरं मंद, काही भडक असली, तर न्यूट्रल. आपल्या इमारतीतही वायरमन सकाळी पावणेसातला येऊन मीटर खोलीत थांबला असता, तर न्यूट्रल लिंक सातनंतर काही मिनिटांत तापताना त्याला दिसली असती. मग पुरवठा बंद करून ती साफ करायची, तारेच्या टोकाला नवी लग बसवायची, स्क्रू ठरल्या ताकदीने आवळायचा. काम अर्ध्या तासाचं.

आता तर ही पाळत ठेवणारं उपकरणच बोर्डात बसवता येतं. आर्क ओळखून सर्किट तोडणाऱ्या अशा यंत्रासाठी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं. आत एक छोटा संगणक असतो. तो प्रवाहाची लाट अखंड तपासतो, शून्याजवळ ती किंचित सपाट होते का आणि पाठोपाठ खरखर उमटते का, ते पाहतो. हे ऐकायला सोपं वाटतं, पण स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटली जाते तेव्हा त्याच्या मोटरच्या ब्रशांतही ठिणग्याच उडत असतात, अगदी अस्सल. त्याच तारेवर त्याच वेळी जळणारा जोडही कुरकुरत असतो. चटणीच्या ठिणग्या सोडून द्यायच्या आणि जोडाच्या ठिणगीवर एका सेकंदाच्या आत वीज तोडायची, हे त्या अंगठ्याएवढ्या संगणकाने दोन्ही आवाज एकत्र ऐकत असताना ठरवायचं असतं.